स्वतः वाहन चालवून

नाव: श्री. आनंदराज मारोती नरवाडे. वय: एकोणसाठ वर्षे पूर्ण. राहणार: नायगाव, जिल्हा नांदेड. हुद्दा: चालक, राज्य परिवहन, सेवानिवृत्त. एकूण सेवा: एकतीस वर्षे सहा महिने. अपघात: निरंक. व्यसन: निरंक. परदेशगमन: एक. सदर इसमाने सपत्नीक श्रीलंका या देशी प्रयाण करून, कोणत्याही अन्य चालकाची मदत न घेता, स्वतः वाहन चालवून अनुराधपूर येथील बोधिवृक्षाचे दर्शन घेतले असून सदर बाब समस्त नायगावकरांस भूषणावह आहे. सबब हे सन्मानपत्र.

हा मजकूर विहार समितीचे सचिव दयानंद एडके यांचा. एडके तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लिहिलेला शोकसंदेशसुद्धा 'उपरोक्त विषयान्वये' असा सुरू होतो. 'सदर इसम' हे शब्द काढा, असं समितीतल्या दोघांनी सुचवलं होतं, पण तोवर छापून आलं होतं आणि फ्रेमही झाली होती.

मजकुरातलं नाव, वय आणि गाव खरं आहे. अडचण हुद्द्यापासून सुरू होते.

आनंदराजांनी एसटी चालवली ती सत्तावीस वर्षं. बहुतेक काळ नांदेड-किनवट, मधूनमधून लातूर. अपघात खरोखरच एकही नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडून पुढं धरलं. या ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. आनंदराजांना ठिपके सगळे दिसले, आकडा दिसला नाही. डॉक्टरांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग आधीच्या तपासण्यांत काय करत होतात, असं विचारलं. आधी ते रांगेतल्या पुढच्या माणसाचे आकडे ऐकून तेच ओळीनं सांगत. फसवायचं म्हणून नव्हे. ही पाठांतराचीच परीक्षा आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. या खेपेला पुस्तक नवं होतं.

लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना जन्मापासून एकच दिसत होते, शेणानं सारवलेल्या भिंतीसारखे. निळा कधी चुकला नाही. लाल गाडी त्यांनी सत्तावीस वर्षं चालवली ती लोकांच्या सांगण्यावरून. किनवटच्या रस्त्यावर जनावरं होती, लाकडाचे ट्रक होते, पावसाळ्यात फरशीपुलावरून वाहणारे नाले होते. यातलं काहीच रंगावर अवलंबून नव्हतं.

नोकरी गेली नाही. पगार तोच राहिला, खाकी तीच राहिली. फक्त चालकाचा बिल्ला काढायचा आणि आगाराच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा नंबर रजिस्टरात लिहायचा. निवृत्तीला साडेचार वर्षं उरली होती. ती त्यांनी तिथं काढली.

ही गोष्ट घरी सांगायची राहून गेली.

राहून गेली म्हणजे त्याच दिवशी सांगणार होते. पण त्यांची बायको सरजाबाई हिची एक रीत होती. उमरीचं माहेर आणि नायगावचं सासर यापलीकडं तिचं फारसं जाणं झालं नव्हतं. संध्याकाळी ताट वाढून ती समोर बसायची आणि विचारायची, आज कुठवर. मग आनंदराज जेवता जेवता अख्खा रस्ता सांगायचे. भोकरला कोण चढलं, हिमायतनगरला भज्याच्या गाड्यावर काय भांडण झालं, इस्लापूरच्या वसतिगृहातल्या पोरी सुट्टीला निघाल्या की गाडीत कसा कालवा करतात. किनवट सरजाबाईंनी पाहिलं नव्हतं, पण तिथं पोचेपर्यंतची वळणं त्यांना पाठ होती. त्या दिवशीही ताट आलं, प्रश्न आला, आणि आनंदराज म्हणाले, किनवट. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचंही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं. हे असं वाढत जातं.

रस्त्याचा पुरवठा धोंडप्पा करायचा. धोंडप्पा देगलूरकडचा, बारा वर्षं आनंदराजांच्या गाडीवर असलेला कंडक्टर. गाडी आगारात शिरली की नंबर लिहायला अर्धं मिनिट लागतं, धोंडप्पा पाच मिनिटं उभा राहायचा. कोण चढलं, कोण भांडलं, नाल्याला पाणी किती होतं, सगळं सांगून मगच हिशेबाला जायचा. संध्याकाळी आनंदराज नायगावच्या गाडीत प्रवासी म्हणून बसत. नायगावच्या अलीकडचं कृष्णूर सुटलं की खिशातून बिल्ला काढून छातीवर लावत.

सकाळची रीत वेगळी होती. कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही, आणि दोनदा वाजली की मागं वळून बघत नाही. दारं, प्रवासी, मागची सगळी जबाबदारी घंटी देणाऱ्याची. लग्नाच्या पहिल्या वर्षी आनंदराजांनी हे सरजाबाईंना समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते ड्युटीला निघाले की त्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करत. त्याआधी ते उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसत. गेटवरच्या साडेचार वर्षांतही त्या रोज टकटक करत होत्या आणि ते रोज निघत होते. घंटी खरी होती, गाडी नव्हती.

निवृत्तीचा नारळ आणि शाल घेऊन ते घरी आले तेव्हा आपण सुटलो असं त्यांना वाटलं. आता रस्ता सांगायला नको. तसे सहा महिने बरे गेले.

मग मुलीनं तिकिटं पाठवली. धम्मप्रिया लातूरला दवाखान्यात नर्स आहे. आईला अनुराधपूरचं झाड दाखवायचं हे तिच्या मनात शाळेपासून होतं. बुद्धगयेच्या मूळ बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं तिथं नेऊन लावली, हे सरजाबाई विहारात दर वर्षी ऐकत आणि दर वर्षी विचारत, आजून हाय का ते झाड? सहा दिवसांचा बेत ठरला. विमान हैदराबादहून, तिथं फिरायला गाडी आणि गाडीसोबत तिथलाच ड्रायव्हर. धम्मप्रियानं फोनवर एवढं सांगितलं आणि सरजाबाई हसल्या.

"घरचा डायवर आसताना परका कामून?" त्या म्हणाल्या. "मी कधी यांच्या गाडीत पुढं बसले न्हाई. आता बसते."

एसटीत चालकाच्या शेजारी कोणी बसत नाही. त्याच्या केबिनला जाळी असते आणि वर लिहिलेलं असतं, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. सरजाबाई नवऱ्याच्या गाडीत आयुष्यात दोनदा बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती पाटी वाचत बसल्या होत्या.

खरं सांगायची ही शेवटची आणि सगळ्यात सोपी संधी होती. फोन चालू होता, मुलगी नर्स होती, तिला एका वाक्यात कळलं असतं. आनंदराज म्हणाले की परदेशात चालवायचं तर वेगळा परवाना लागतो, म्हणजे बघावं लागेल. मायलेकींनी याचा अर्थ होकार असा घेतला.

परवान्याच्या अर्जात प्रकृतीचे प्रश्न असतात. लाल आणि हिरवा रंग ओळखण्यास आपण असमर्थ आहात काय? आनंदराजांनी त्यापुढं 'नाही' असं लिहिलं. वैद्यकीय दाखल्यासाठी एका डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, कुठल्या खात्यात होतात विचारलं, आणि एसटीचा चालक म्हटल्यावर बाकीचं न बघता सही केली. माणसाचा लौकिक असा कामाला येतो.

श्रीलंकेत उतरल्यावर कळलं की हा परवानाही पुरत नाही, त्यावर तिथला एक कागद लागतो. दुसरा दिवस कोलंबोतल्या रांगेत गेला. इथंच नाही म्हणतील, अशी आनंदराजांना दुपारपर्यंत आशा होती. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचीच लाज राहिली असती. खिडकीतल्या कारकुनानं किती वर्षं गाडी चालवता असं विचारलं. आनंदराजांच्या तोंडून ट्वेंटी सेव्हन निघालं. सरजाबाई शेजारीच होत्या. एकतीस की वो, त्या म्हणाल्या. आनंदराजांनी थर्टी वन केलं. कारकून आदरानं हसला आणि त्यानं शिक्का मारला.

नेगोंबोला नारळीच्या झाडांखाली पत्र्याच्या शेडमध्ये भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या. मालकानं एक छोटी गाडी दिली. गाडी पांढरी होती. रंगाबद्दल स्वतःची खात्री असलेली आनंदराजांच्या आयुष्यातली ही पहिली गाडी. मालकानं स्टेपनी दाखवली, कागद कुठं आहेत ते दाखवलं आणि ड्रायव्हर कोण असं खुणेनं विचारलं. सरजाबाईंनी नवऱ्याकडं बोट केलं.

मग त्या चप्पल काढून पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा मालकानं लावून दिला. त्यांनी गाडीत सगळीकडं एकदा नजर फिरवली.

"बोलू नये म्हणून हितं कुठं लिवलेलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग बोलते," त्या म्हणाल्या आणि समोरच्या काळ्या प्लास्टिकवर बोटानं दोनदा टकटक केली. गाडी निघाली.

पहिले दोन तास आनंदराजांच्या निवृत्त आयुष्यातले बरे तास होते. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून. गाडी लहान होती, पण ते वळण बसच्या मापानं घेत होते, मागं छत्तीस फूट यायचे असल्यासारखं. चिलाव गावाच्या अलीकडं एका थांब्यावर माणसं उभी दिसली आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. थांब्यावरची एक बाई पिशवी घेऊन दारापर्यंत आलीसुद्धा. सरजाबाई पोट धरून हसल्या. घ्या की, म्हणाल्या, तेवढंच हाफ तिकीट.

सिग्नलचा बंदोबस्त त्यांनी घरूनच करून आणला होता. वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. शिवाय कोणत्या तरी गाडीच्या मागंच राहायचं. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं. या हिशेबानं ते पुत्तलमपर्यंत आले.

सरजाबाई बोलत होत्या. रस्ता आंगावर येऊन राहिला, म्हणाल्या. मागं बसलेल्याला रस्ता नुसता बाजूनं जाताना दिसतो, समोरून येताना दिसत नाही, हे त्यांना नव्यानंच कळलं होतं. पुत्तलमला मिठागरं आहेत. मिठाचे ढीग बघून त्या म्हणाल्या, कापसाच्या गंज्या लावल्यावानी दिसून राहिलं. मग पुलाखालचा एक ओढा बघून किनवटचं विचारायला लागल्या. तो नाला हाच एवढा का, तुम्ही म्हणाले होते पाणी टायरच्या वर आलं आन लोक टपावर बसले? आनंदराज म्हणाले, एवढाच. टपावर लोक धोंडप्पानं बसवले होते.

पुत्तलम सोडल्यावर रस्ता एका बाजूनं उकरलेला होता. डाव्या हाताला कमरेएवढा खोल चर, उजवीकडं एकच पट्टा चालू. त्या पट्ट्यावरून आळीपाळीनं इकडची आणि तिकडची वाहनं सोडत होते. त्यासाठी एक माणूस दोन झेंडे घेऊन उभा होता. एक वर धरायचा, एक काखेत. झेंड्याला वर-खाली नसतं. आणि आनंदराजांच्या पुढची गाडी अर्ध्या मिनिटापूर्वी निघून गेली होती.

माणसानं हातातलं कापड हलवलं. आनंदराजांना कापड दिसलं. शंका आली की थांबायचं, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नियम, अपघात निरंक असण्याचं एकमेव कारण. ते थांबले. मागं लॉरी होती, तिनं हॉर्न दिला. माणसानं आणखी जोरात कापड हलवलं, मग वैतागून बदललं. आता हातात दुसरं कापड होतं. म्हणजे दुसरं असणार. बघून सांगता येत नव्हतं.

सरजाबाई तेव्हा खाली वाकून पिशवीतली पाण्याची बाटली काढत होत्या. हॉर्न परत वाजला. कामून थांबले, असं त्यांनी वर न बघता विचारलं. आनंदराज कापडाकडंच बघत होते. तेव्हा सरजाबाईंनी एका हातात बाटली धरून दुसऱ्या हातानं समोर दोनदा टकटक केली.

आनंदराज निघाले.

समोरून खडीचा टिप्पर त्याच पट्ट्यावर येत होता. दोघांनीही ब्रेक दाबले. टिप्पर थांबला. आनंदराजांनी गाडी डावीकडं घेतली, आणि डावीकडं चर होता. गाडी सावकाश, जवळजवळ सभ्यपणे कलंडली. काच फुटली नाही. सरजाबाईंचा हात डॅशबोर्ड आणि दार यांच्यामध्ये सापडला आणि मनगटाचं हाड मोडलं.

झेंडेवाला पळत आला. त्याच्या भाषेतला एकही शब्द दोघांना कळत नव्हता, पण त्यानं हातातलं कापड खिडकीतून आत घालून आनंदराजांच्या नाकासमोर धरलं. ते लाल होतं. हे सरजाबाईंना दिसलं. नवरा त्या कापडाकडं ज्या तऱ्हेनं बघत होता तेही दिसलं.

लोकांनी त्यांना वर काढून रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली बसवलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत अर्धा तास गेला. मनगट सुजून वर आलं होतं. ते मांडीवर धरून सरजाबाई बसल्या होत्या. मग त्यांनी पदराला हात लावला. हे कोणत्या रंगाचं हाय, विचारलं.

आनंदराजांनी पदराकडं पाहिलं. मग खाली मातीकडं पाहिलं.

"कधीपासनं?"

"जन्मापासनं."

"मंग यष्टी?"

त्यांनी सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, गेट, रजिस्टर, कृष्णूर, बिल्ला. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साडेचार वर्षांची गोष्ट एवढीशीच होती. सरजाबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, नाल्याचं, टपावरच्या लोकांचं कोणाचं होतं. धोंडप्पाचं, ते म्हणाले.

"म्हंजे त्यानं त्याच्या बायकोला आधी सांगितलं आसंल," सरजाबाई म्हणाल्या. "मला शिळं."

पुत्तलमच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. पोलीस सौम्य होते. वयाकडं बघून त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सहा कागदांवर सह्या घेतल्या. मालकाचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. यात दोन दिवस गेले. परतीच्या विमानाला अजून एक दिवस होता. आनंदराज चौकशी करून आले. अनुराधपूरला दर अर्ध्या तासाला बस होती, जेमतेम दोन तासांचा रस्ता. आपल्यासारखीच सरकारी गाडी, त्यांनी सांगितलं. लाल, असं म्हणणार होते, पण ते त्यांनी तिथल्या माणसाकडूनच ऐकलं होतं, म्हणून म्हणाले नाहीत. जाऊन येऊ, दर्शन घेऊ, संध्याकाळपर्यंत परत.

सरजाबाई दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"जाऊन काय करायचं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर सांगा, गेल्तो म्हणून. तुमाला येतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर आनंदराजांना काही करता आलं असतं. त्यांनी खिशातला बसच्या वेळा लिहिलेला कागद काढला, बघितला आणि परत ठेवला. उरलेला दिवस दोघांनी पुत्तलममध्ये काढला, खाटेवर आणि खाटेशेजारच्या स्टुलावर.

नायगावला आल्यावर हात कसा मोडला हे लोकांनी विचारलं. सरजाबाईंनी सांगितलं, घसरले. बाईमाणूस घसरतं, कोणी पुढं विचारलं नाही. दयानंद एडके मात्र वही घेऊन आले. गाडी भाड्याची होती की टूरची? भाड्याची. चालवली कोणी? मी. आणि दर्शन? आनंदराजांनी बायकोकडं पाहिलं. ती चुलीकडं तोंड करून डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. वळली नाही.

झालं, ते म्हणाले.

धोंडप्पा अजून नोकरीत आहे. सुट्टीच्या दिवशी नायगावला येऊन बसतो आणि सवयीनं रस्ता सांगतो. आनंदराज ऐकतात. पुढं सांगायला कोणी नाही. ताट वाढलं जातं, पण समोर बसून कोणी विचारत नाही आज कुठवर. विचारायला तसं काही उरलंही नाही, ते विहारापर्यंत जातात आणि परत येतात. निघताना अजून उंबऱ्याशी क्षणभर थांबतात. प्लास्टर निघून तीन महिने झाले, सरजाबाईंचं मनगट नीट चालतं. ते थोडा वेळ थांबतात आणि मग आपले आपण जातात.

सत्कार पौर्णिमेला झाला. एडक्यांनी सन्मानपत्राचं पूर्ण वाचन केलं, 'सदर इसम'सह. फ्रेमला निळी पट्टी होती, ती आनंदराजांना नीट दिसली. मग दोन शब्द बोला म्हणून सरजाबाईंना आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"गाडी चांगली होती," त्या म्हणाल्या. "मी पुढं बसले होते."

टाळ्या वाजल्या. पुत्तलमपासून अनुराधपूर पंच्याहत्तर किलोमीटर आहे.